मदत हवी आहे: युरोपच्या कोविड निधीतला 37 टक्के हवामान-खर्च तपासायचा कसा?

एम.ए.च्या प्रकल्पासाठी युरोपीय संघाचा कोविडोत्तर निधी घेतलाय. 2021 च्या नियमानुसार प्रत्येक देशाच्या आराखड्यात किमान 37 टक्के रक्कम हवामानासाठी हवी. इथवर ठीक. पण मोजणी 0, 40, 100 टक्के अशा गुणकांनी होते, म्हणजे प्रकल्पाच्या रकमेचा तेवढाच भाग हवामान-खर्च धरतात; इमारतींच्या ऊर्जाबचत दुरुस्तीला कुठे 40 धरलेत, कुठे थेट 100. इटली आणि स्पेनचे आकडे एक्सेलमध्ये मांडून बघितले, पण ते सगळे मंजुरीच्या वेळचे अंदाज निघाले. बातम्या नकोत, त्या हेच आकडे फिरवतात. सार्कच्या कोविड निधीशी तुलनाही कृपया सुचवू नका, मार्च 2020 चा तो निधी कोविडच्या तातडीच्या गरजांसाठी होता. इटालियन-स्पॅनिश येत नाही. प्रत्यक्ष झालेला हवामान-खर्च प्रकल्पवार, इंग्रजीत कुठे सापडेल?