कॅम्पर: पंप चालू केला की लाईट मंद, फ्रिज बंद

भटक्या_पुणे
मंडळी मदत करा. जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन कॅम्पर (मुक्कामाची गाडी) करून घेतलीय, मागे १२ व्होल्टची बॅटरी, त्यावर एलईडी, पाण्याचा पंप आणि कॉम्प्रेसरवाला फ्रिज. पावसाळाभर गाडी गुहागरला भावाच्या अंगणात उभी होती, आता बाहेर काढली तर नळ सोडला की लाईट मंद आणि फ्रिज टक टक करून बंद. बॅटरीला मीटर लावला तर १२.७, फ्यूज सगळे शाबूत. वायरिंगवाला म्हणतो बॅटरी गेली, नवीन टाका. टाकू का?

घाटवेडा
बॅटरीच असणार. माझी पण १२.७ दाखवायची आणि लोड टाकला की ९. लोड टेस्ट करून घ्या.

जुना_वायरमन
थांबा हो, खिशात हात घालू नका एवढ्यात. पंप चालू ठेवून मोजा, नुसतं मोजून काही कळत नाही. बॅटरीवर १२ च्या वर टिकतंय आणि फ्रिजच्या मागे १०-१०.५ येतंय म्हणजे मधेच कुठेतरी व्होल्टेज खातंय. मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल फ्रिजच्या निगेटिव्हला. पाव व्होल्टच्या आत पाहिजे, एक-दोन आला तर बॉडी अर्थ, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली जागा, गेलाय. लाईट, फ्रिज दोन्ही एकदम मार खातात म्हणजे दोघांचा अर्थ एकाच बोल्टवर असणार, त्यात कोकणचा पाऊस आणि खारा वारा.

भटक्या_पुणे
दादा, बरोब्बर! बॅटरीवर १२.४, फ्रिजला १०.३, निगेटिव्ह-निगेटिव्ह १.९. गादी उचलून बोल्ट शोधला, थिंबलखाली (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) पठ्ठ्याने रंगसुद्धा खरवडला नव्हता, वर हिरवा-पांढरा थर आणि जरा ओढलं तर थिंबल हातातच आलं, दोन-चार तारांवर लटकत होतं. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवीन थिंबल दाबून क्रिंप केलं, वरून व्हॅसलिन. आता ०.१!

जुना_वायरमन
मस्त. आता फ्रिज चालू असताना पॉझिटिव्हचंही बघा, आधी तो बंदच पडत होता त्यामुळे तिथला ड्रॉप दिसलाच नसेल. दीड स्क्वेअरची (चौ. मिमी) वायर ६ मीटर नेली असेल तर ५ अँपिअरला जाऊन-येऊन पाऊण व्होल्टच्या आसपास जातो, ४ स्क्वेअर टाका. आणि मेन फ्यूज बॅटरीला लागूनच हवा, नाहीतर मधे वायर पत्र्याला घासली तर फ्यूज उडणारच नाही आणि गाडी पेटेल.

भटक्या_पुणे
दीडचीच निघाली. फ्यूज पार मागे, सिंकखाली. परत गादी उचलतो 😑