आजोबांच्या रेडिओचा वॉल्व कुठं मिळेल?

बर्डीचा_पोट्टा: फिलिप्सचा जुना रेडिओ आहे, त्यातला इएल ८४ वॉल्व (आवाज मोठा करणारी काचेची नळी) गेला म्हणे मेकॅनिक, नागपूरची बर्डी इतवारी सगळी पालथी घातली पण नाही मिळाला. किती पैसे द्यावे?

जुनारेडिओ: ६बीक्यू५ विचारा भाऊ, इएल ८४ चंच अमेरिकन नाव. रशियन ६पी१४पी पण बसतो. गिटार ॲम्पवाले हाच वापरतात म्हणून भाव चढा, इसीएच ८१ या दुसऱ्या रेडिओ वॉल्वला कोणी विचारत नाही त्यामुळं तो स्वस्त पडतो. बंगळूरच्या बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्स) मिळाला तर सोडू नका.

महालवाला: काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा झाला असंल तर हवा शिरली, फुकटातही घेऊ नका बे! आन आधी कपलिंग कपॅसिटर (वॉल्वकडं फक्त आवाजाचा सिग्नल जाऊ देणारा, डीसी अडवणारा) बदला, तो लीक असला तर नवा वॉल्वही जाते.

बर्डीचा_पोट्टा: अरे बापरे, कपॅसिटर तर पाहिलाच नाही 😅