जूनमध्ये लडाखचे तलाव: सासूबाई ६७, मुलगा ७ वर्षांचा, हा प्लॅन झेपेल का?

कॉलेजरोडकरीण

नमस्कार मंडळी, लडाखला जायचं ठरतंय, म्हणजे नवऱ्याचं ठरलंय आणि मी अजून शंका काढत बसलेय. आम्ही पाच जण. आम्ही दोघं, मुलगी १२, मुलगा ७ आणि सासूबाई ६७. त्यांना बीपीची गोळी चालू आहे, बाकी एकदम ठणठणीत, दरवर्षी वणीच्या गडावर पायऱ्यांनीच जातात, ट्रॉलीत बसा म्हटलं तर रागावतात. शाळा १५ जूनच्या आसपास उघडणार त्यामुळे जूनचा पहिला आठवडा धरलाय.

इथल्या एका टूरवाल्याने दिलेला प्लॅन असा, पहिल्या दिवशी सकाळच्या विमानाने लेह आणि दुपारी लगेच शांती स्तूप न् बाजार, दुसऱ्या दिवशी खारदुंगला करून नुब्रा, तिसऱ्या दिवशी पँगाँग, चौथ्या दिवशी त्सो मोरीरी, पाचव्या दिवशी त्सो कार बघत परत लेह, सहाव्या दिवशी घरी. कागदावर मोठ्या अक्षरात 'एका ट्रिपमध्ये तीन तलाव' असं छापलंय आणि नवरा त्याच ओळीवर फिदा आहे. मी ऑक्सिजनचं विचारलं तर टूरवाला म्हणाला 'मॅडम गाडीत सिलिंडर असतो, टेन्शन नका घेऊ'. सिलिंडर असतो म्हटल्यावरच मला टेन्शन आलं.

तर हे सहा दिवसांत झेपेल का? आणि नवऱ्याचा दुसरा हट्ट म्हणजे स्वतःची गाडी घेऊन नाशिकहून बाय रोड. त्यावरही बोला कृपया, माझं ऐकत नाहीत.

इंदिरानगरचा भटक्या

ताई, तो कागद आधी रद्दीत टाका.

नाशिक साधारण ६०० मीटरवर आहे आणि विमान तुम्हाला दीड तासात दिल्लीहून थेट ३५०० मीटरवर नेऊन सोडतं. आपलं कळसूबाई १६४६, म्हणजे महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोकसुद्धा लेहच्या निम्म्यापेक्षा कमी. पँगाँग ४२०० च्या वर, त्सो मोरीरी ४५०० च्या वर, आणि पँगाँगला जाताना मधे चांग ला नावाचा घाट लागतो तो ५३०० च्या वर. घाट चढून उतरणं एक वेळ सोपं, त्रास होतो तो उंचावर झोपण्याने. ३००० च्या वर गेलं की झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीनेक दिवसांनी एक दिवस नुसता आराम करायचा, असा साधा नियम आहे. तुमच्या टूरवाल्याने तो पाळलेला नाही.

माझा अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी वडिलांना घेऊन गेलो होतो, ते तेव्हा ६४ चे, रोज सकाळी गोदाकाठी चार किलोमीटर चालणारे. आम्ही तिसऱ्याच रात्री पँगाँगला टेंटमध्ये. संध्याकाळी फोटो काढले, मॅगी खाल्ली, सगळं छान. रात्री अकराला म्हणाले डोकं दुखतंय, मी म्हटलं थंडीने असेल. एक वाजता दोनदा उलटी झाली आणि मग उठून उभं राहताना भिंत धरायला लागले, टेंटला भिंत कुठली, कापडच धरत होते. ते बघून माझी फाटली. कॅम्पवाल्याने ड्रायव्हरला उठवलं. लेहला परत नेण्यात अर्थ नव्हता कारण मधे चांग ला घाट पुन्हा चढावा लागतो, म्हणून त्याने गाडी तांगत्सेला घेतली, ते तलावापेक्षा तीनशे-चारशे मीटर खाली आहे, तिथल्या आरोग्य केंद्रात ऑक्सिजन लावला आणि सकाळी चहा मागितला त्यांनी. फक्त तेवढंच खाली उतरल्याने एवढा फरक. तेव्हा पँगाँग बघायचाच असेल तर दिवसा तलावावर बसा आणि झोपायला तांगत्सेला या. तलावावर सूर्योदय बघण्याची हौस माझी तरी फिटली.

गाडीचं म्हणाल तर नाशिक ते लेह दोन हजारांवर किलोमीटर आहे, एका बाजूला चार-पाच दिवस. दहा दिवसांच्या सुट्टीत तुम्ही लेहला पोचून यू टर्न माराल.

द्वारका सर्कल

एवढं घाबरवू नका हो लोकांना. आम्ही मागच्या वर्षी आठ जण होतो, तिसऱ्या दिवशी पँगाँग केला, कुणाला काही झालं नाही. भरपूर पाणी प्यायचं आणि कापूर हुंगायचा, बास.

इंदिरानगरचा भटक्या

आठ जणांत सगळ्यात मोठं वय किती होतं दादा? आणि कापराने वास छान येतो, ऑक्सिजन वाढत नाही.

द्वारका सर्कल

३४ 😅

गोळी देणारा

मी डॉक्टर आहे, इथे सल्ला म्हणून नाही तर सासूबाईंच्या डॉक्टरांना काय विचारायचं तेवढं सांगतो. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का ते बघून घ्या, कारण डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळीही लघवी वाढवते, दोन्ही एकत्र चालतील का हे त्यांनीच ठरवायचं. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायचं. आणि 'मेडिकलमधून डायमॉक्स घेऊन टाकू' असं करू नका. गोळी घेतली म्हणून घाई करायला मोकळे असंही नाही.

ऑक्सिमीटर न्या पण त्याच्या मागे लागू नका, नाशकात ९८ दाखवणारं बोट लेहला ८८-९० दाखवतं आणि माणूस मजेत असतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ किंवा भयंकर थकवा असेल तर आणखी वर जायचं नाही. चालताना झोकांड्या जायला लागल्या, बोलणं असंबद्ध झालं, किंवा नुसतं बसूनही दम लागला तर सकाळची वाट न बघता लगेच खाली. सात वर्षांचं पोर 'डोकं दुखतंय' असं नीट सांगत नाही, ते फक्त किरकिर करतं, जेवत नाही, खेळत नाही. नेहमीसारखं भांडत असेल तर ठीक आहे समजा.

निफाडचा बगळा

उशिरा बघतोय. सगळे पँगाँग पँगाँग करताय म्हणून माझे दोन पैसे. एकच तलाव करायचा असेल तर त्सो मोरीरी करा.

थंडीत नांदूर मध्यमेश्वरला जाता ना? तिथे ती केशरी रंगाची मोठी बदकं जोडीजोडीने दिसतात, चक्रवाक. जुन्या कवितांतली रात्री ताटातूट होणारी जोडी ती हीच. ही बदकं उन्हाळ्यात लडाखकडे, त्याच्याही पलीकडे जाऊन पिल्लं काढतात. मी वीस वर्षं त्यांना आपल्या गोदावरीच्या गाळात बघत आलोय आणि एकदा जूनमध्ये त्सो मोरीरीच्या काठावरच्या कोरझोक गावाखालच्या कुरणात तीच बदकं पिल्लांची रांग घेऊन चालताना बघितली, पोरांपेक्षा मीच जास्त नाचलो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले कादंब हंस तिथे घरटी करतात, हिमालय ओलांडणारे ते हेच. नशीब असेल तर काळ्या मानेचा क्रौंच दिसतो, तो लडाखचा राज्यपक्षी. नांदूर मध्यमेश्वर आपल्या राज्यातली पहिली रामसर जागा, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतली, त्सो मोरीरी २००२ पासून रामसर, त्सो कारही २०२० मध्ये आलं यादीत. तुमच्या मुलीला बारा वर्षं म्हणजे दुर्बीण द्यायचं अगदी बरोबर वय आहे. फक्त घरट्यांच्या बाजूला पाण्याजवळ जाऊ देऊ नका आणि ड्रायव्हर कुरणात गाडी घालायला लागला तर सरळ नाही म्हणा.

आता झोपायचा प्रश्न. कोरझोक पँगाँगपेक्षाही उंच आहे त्यामुळे तुमच्या घरच्यांनी तिथे रात्र काढू नये. लेहहून उपशीमार्गे सिंधूच्या काठाकाठाने चुमाथांग लागतं, साधारण ४००० मीटर, तिथे मुक्काम करा. आणि या रस्त्याला चांग ला सारखा उंच घाट नाही हे महत्त्वाचं, रात्री काही झालं तर नदीकाठाने सरळ लेहला उतरता येतं. सकाळी लवकर निघून माहे पुलावरून त्सो मोरीरी, दुपारी दोनच्या आत परत फिरायचं कारण नंतर वारा असा सुटतो की पक्षी दिसत नाहीत न् माणसंही बोलत नाहीत.

कॉलेजरोडकरीण

बापरे, एवढं सगळं! नवऱ्याला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. कापडाची भिंत ऐकून गप्प झाले. गाडीचा हट्ट सुटलाय, सुट्टी दोन दिवस वाढवून घेतायत. आता प्रश्न, विमानाने थेट लेह की श्रीनगरहून रस्त्याने? आणि खाण्यापिण्याचं, फोनचं काय?

पंचवटीची मावशी

श्रीनगरहूनच जा गं. श्रीनगर १५८५ मीटर, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या डोक्यावर वसलेलं शहर, तिथून शरीर हळूहळू चढतं. ओझरहून दिल्ली, दिल्लीहून श्रीनगर. एक रात्र तिथे, दुसरी कारगिलला, तिसरी लेहमध्ये न घालवता आल्चीला घाल. आल्ची ३१०० वर आहे, गावात जर्दाळूची झाडं, शांतता, आणि हजारेक वर्षांपूर्वीची भिंतीवरची चित्रं बघून सासूबाई खूश होतील. मग लेहला दोन रात्री नुसतं लोळायचं, म्हणजे खरंच लोळायचं, पहिल्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या नकोत. वणीच्या पायऱ्या चढणाऱ्यांनाच जास्त धरून ठेवावं लागतं. येताना लेहहून विमान, ती सकाळचीच असतात बहुतेक कारण दुपारी वारा, त्यामुळे दिल्लीचं पुढचं कनेक्शन घट्ट ठेवू नकोस, लेहचं विमान रद्द झालं की सगळं कोसळतं. श्रीनगरची टॅक्सी लेहला सोडून परत जाते, तलावाला तिथलीच गाडी करावी लागते, युनियनचे दर ठरलेले असतात, घासाघीस करत बसू नये.

फोन. तुमची प्रीपेड सिम तिकडे बंद पडणार, एका तरी फोनला पोस्टपेड घे, आत्ताच घे. रोख पैसे लेहमधून काढून ठेव, पुढे एटीएमचा भरवसा नाही. पर्यावरण शुल्क ऑनलाइन भरून प्रिंट जवळ ठेव.

खाणं. वर पाणी ८५ डिग्रीलाच उकळतं, म्हणून कुकरशिवाय भात शिजत नाही, बाहेरून गळालेला न् आतून कच्चा. आमच्या ह्यांनी तीन दिवस 'भातात खडे आहेत' म्हणून तक्रार केली, खडे कुठले, तांदूळच ते. तिथे थुक्पा न् मोमो गरम मिळतात ते खायचं. मुलासाठी चिवडा, भाजणी, गूळशेंगदाणे ने. चिवड्याची पाकिटं फुग्यासारखी फुगतात, एक आमच्या बॅगेत फुटलं, स्वेटरमध्ये पोहे अजून सापडतात. आणि बाटलीबंद पाण्याची रांग लावू नका, घरून बाटल्या न्या, हॉटेलवाले उकळलेलं पाणी भरून देतात, तिथे प्लास्टिक उचलायला कुणी येत नाही.

कॉलेजरोडकरीण

ठरलं! श्रीनगर, कारगिल, आल्ची, लेह दोन रात्री, चुमाथांग दोन रात्री, परत लेह. पँगाँग कट. नवरा दोन दिवस तोंड पाडून होता, मग मुलीने यूट्यूबवर चक्रवाक शोधून दाखवला आणि आता तेच सगळ्यांना सांगत फिरतायत की आपल्या नांदूरचा पक्षी बघायला चाललोय. टूरवाल्याला नाही सांगितलं तर म्हणाला 'मॅडम एकाच तलावासाठी कोण एवढं लांब जातं'. शुक्रवारी डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे.

एकच राहिलं. सासूबाईंनी कुठूनतरी ऐकलंय की चुमाथांगला गरम पाण्याचे झरे आहेत, वज्रेश्वरीसारखे. खरंय का? त्यांनी आंघोळीसाठी वेगळी साडी काढून ठेवलीये.

निफाडचा बगळा

खरंय, अगदी सिंधूच्या काठालाच. पण झऱ्यातलं पाणी कढत असतं, तिथे थेट पाय घालू देऊ नका. तिथल्या गेस्टहाऊसात हेच पाणी गार करून न्हाणीत सोडतात. साडी न्या.