शिसं सारखं दगडात अडकतंय, लवकर सांगा

गळ_आणि_वेळ: चार रविवार झाले, दर खेपेला शिशाच्या तीन-चार गोळ्या घालवून घरी येतोय. काल गळासकट सगळं गेलं, वर तंगूस बोटात रुतून चीर पडली. दुकानदार म्हणाला जड लाव. जड लावलं तर आणखीच अडकलं. कुठलं शिसं घेऊ, कसं बांधू? रविवारच्या आत सांगा.

काठावरचा: बसतोस कुठं? रंकाळा, कळंबा, नदी? गोळी किती ग्रॅमची? तंगूस किती जाड?

चिलापीवाला: गांडूळ सोड भावा. कणकेत लसूण ठेचून घाल, मग बघ.

गळ_आणि_वेळ: आमिषाचं कुणी विचारलंय का? नदीवर, नेहमीच्या जागेला.

काठावरचा: तुझी नेहमीची जागा आम्हाला काय स्वप्नात दिसणार?

गळ_आणि_वेळ: राजाराम बंधाऱ्याच्या खाली. २० ग्रॅमची गोल गोळी, तंगुसातच ओवलेली. तंगूस ०.३५ मिमी.

जुना_खेळाडू: आता कळलं. गोल गोळी ओढीनं गडगडत जाते ती थेट फटीत. ती मुख्य तंगुसातच ओवलीस, मग ती अडकली की गळही गेलाच. शिसं वेगळं बांध. मुख्य तंगुसाला फिरकी कडी लाव, कडीला गळाची दोरी, आणि त्याच कडीला वीतभर ०.२५ च्या तंगुसानं शिसं. जाडी थोडीच कमी दिसते, पण ताकद जवळपास निम्मी होते. अडकलं की ओढ, नुसतं शिसं तुटेल. फेकताना मात्र हिसका देऊ नको, नाहीतर हवेतच सुटेल. शिसं लांबट, चपटं घे आणि जेमतेम तळाला टेकेल एवढंच.

भंगार_किंग: शिशाला पैसे कशाला? गॅरेजातून जुने स्पार्क प्लग आण. नाहीतर उद्यमनगरात भंगारातले नट. गेले तर गेले.

जुना_खेळाडू: प्लगचं टोक फटीत असं बसतं की जणू तिथलंच आहे. आणि लोखंड शिशापेक्षा हलकं. तेवढ्याच वजनाला आकार मोठा, म्हणजे धार जास्त ओढणार.

भंगार_किंग: माझं पाच वर्षं चालतंय.

जुना_खेळाडू: तू कळंब्याच्या तळ्यावर बसतोस. तिथं धार कुठली?

हिरवा_काठ: मुळात शिसं नदीत टाकूच नका. इंग्लंडात हंस मरायला लागले म्हणून १९८७ पासून २८ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांची विक्री बंद आहे.

भंगार_किंग: बघा, म्हणजे प्लगच बरा की. आणि इथं हंस कुठले, बगळे आहेत.

चिलापीवाला: फ्लोट लाव, तळ गाठायचाच कशाला?

काठावरचा: मासा कुठला पाहिजे ते तरी विचारलंय का कुणी?

गळ_आणि_वेळ: वाम.

काठावरचा: हे आधी सांगायचं! वाम दगडांच्या बेचक्यातच राहणार, फ्लोट काय कामाचा? थोडं अडकणारच. अडकलं की हाताला गुंडाळून ओढू नको, काठीला गुंडाळ. त्याआधी तंगूस ताणून बोटानं तारेसारखी टिचकी मार, दोन-चारदा. नाही सुटलं तर वरच्या अंगाला जाऊन उलटं ओढ.

चिलापीवाला: वामाची कातडी काढता का तशीच कालवणात?

गळ_आणि_वेळ: (सोमवार) वेगळं बांधून बघितलं. पाचदा अडकलं. दोनदा टिचकीनं सुटलं, तीनदा नुसतं शिसं गेलं, गळ पाचही वेळा परत. एक वाम, हातभर. प्लगही लावून बघितला, पहिल्याच फेकीत गेला. कातडी आईनं काढली नाही.