विश्रामबागेत भाड्याने घर घेताना घरपट्टी, पाणीपट्टी व वीजबिल कोणी भरावे?

प्रश्न

नोकरीतील बदलीमुळे आम्ही साताऱ्याहून सांगलीला येत आहोत. विश्रामबाग परिसरात एका बंगल्याचा वरचा मजला ११ महिन्यांच्या करारावर ठरला असून घरमालक तळमजल्यावर राहतात. ठरलेल्या भाड्याव्यतिरिक्त संपूर्ण वर्षाची निम्मी घरपट्टी, पाणीपट्टी आणि एकाच मीटरवरील निम्मे वीजबिल आम्ही द्यावे, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्ही ऑक्टोबरमध्ये राहायला येणार असताना एप्रिलपासूनची घरपट्टी आमच्याकडे का यावी, हे कळत नाही. करारावर सही करण्यापूर्वी काय स्पष्ट करून घ्यावे?

उत्तर १

घरपट्टी हा मालमत्तेवरील कर असल्याने ती भरण्याची पहिली जबाबदारी कायद्याने मालकाची असते. मालकाने ती थकवल्यास महापालिका प्रत्यक्ष राहणाऱ्याकडेही मागणी करू शकते. परंतु अशी भरलेली रक्कम भाड्यातून वळती करून घेण्याचा हक्क भाडेकरूला असतो. तरीही उभयतांनी मान्य करून तिचा भार भाडेकरूवर ठेवला जाऊ शकतो, म्हणून जे ठरेल ते करारनाम्यात शब्दांत आलेच पाहिजे. महापालिकेची घरपट्टी १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर अशा दोन सहामाहींत देय होत असल्यामुळे, वाटा द्यायचाच असेल तर तो आपण राहायला आल्यापासूनच्या काळापुरता द्यावा. पहिल्या सहामाहीशी आपला काहीही संबंध नाही. माझ्या मते मालकांनी घरपट्टी भाड्यातच धरावी, म्हणजे दोघांनाही दरवर्षी हिशेब मांडत बसावे लागणार नाही. पाणीपट्टीचे तसे नाही. पाणी आपण वापरणार, तेव्हा तिचा वाटा देणे रास्तच आहे. फक्त तो माणशी की निम्मा, हे आधी ठरवावे.

उत्तर २

निम्म्या वीजबिलाची अट मात्र मुळीच मान्य करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. महावितरणचा घरगुती दर पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी असतो आणि १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात तो बराच वाढतो. दोन्ही कुटुंबांनी प्रत्येकी ९० युनिट वापरले, तर स्वतंत्र मीटरवर दोघेही खालच्या दरात राहतील. एकाच मीटरवर मात्र बेरीज १८० होऊन त्यांतील ८० युनिटांना वरचा दर लागेल. म्हणजे कोणीही उधळपट्टी न करता दोघांचेही नुकसान होते, आणि ही गोष्ट मालकांना समजावून सांगितली तर तेही स्वतंत्र जोडणीस संमती देतील. ते जमेपर्यंत निदान सबमीटर बसवून घ्यावा. किल्ली घेण्याच्या दिवशी दोघांसमोर रीडिंगचे छायाचित्र काढावे आणि तो आकडा तारखेसह करारनाम्याला जोडावा.

मागील बिलांवर मीटरची स्थिती ‘फॉल्टी’ किंवा ‘लॉक्ड’ अशी छापलेली आहे का, तेही पाहावे, कारण तेव्हा सरासरीने बिल आकारले जाते आणि फरकाची रक्कम पुढे एकदम येऊ शकते. गावभागासारख्या पुराचे पाणी शिरणाऱ्या वस्तीत घर घेणाऱ्यांनी तर २०१९ चा अनुभव ध्यानात ठेवून मीटर किती उंचीवर आहे, हेही पाहावे.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. मालक साध्या मुद्रांक कागदावर करार करू म्हणतात. तो चालेल का? साताऱ्यातील गॅस जोडणीचे काय करावे?

उत्तर १

चालणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे. मुद्रांक शुल्क वेगळे, आणि हा खर्च कोणी करायचा तेही आधीच बोलून घ्यावे. नोंदणी ऑनलाइन होते. गॅससाठी साताऱ्यातील एजन्सीकडे सिलिंडर व रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर आणि अनामत रक्कम परत घ्यावी. ते व्हाउचर सांगलीतील एजन्सीकडे दिले की तेथे जोडणी मिळते, आणि तेव्हा पत्त्याचा पुरावा म्हणून हाच नोंदणीकृत करारनामा उपयोगी पडतो.