फेयोशचा 'लोनसम': बोलके प्रसंग कापून दाखवावा का?

मूकपटवेडा: हंगेरीत जन्मलेल्या पाल फेयोशचा 'लोनसम' (युनिव्हर्सल, १९२८) दाखवताना संवादांचे तीन प्रसंग कापावेत, असं माझं ठाम मत आहे. चित्रपट मूकपट म्हणून तयार झाला होता. बोलपटांची लाट आली तसे स्टुडिओने ते नंतर घुसवले. सुरुवातच बघा. नायिका मेरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, नायक जिम कारखान्यातल्या पंच प्रेस यंत्रावर, आणि दोघांच्या कामावर घड्याळाची तबकडी. शनिवारची अर्ध्या दिवसाची पाळी शब्दाविना अंगावर येते. पुढे कोनी आयलंडला, न्यूयॉर्कच्या समुद्रकाठच्या जत्रेत, दोघं तोंड उघडतात आणि कॅमेरा जागीच खिळतो.

जोडकाम: साफ चूक. तेव्हा कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोन टिपायचा, म्हणून कॅमेरा बंद खोक्यात कोंडत आणि नटांना मायक्रोफोनजवळच उभं राहावं लागे. खिळणं आलं ते त्यातून. शिवाय नुसतं कापून भागत नाही. या आवाजी आवृत्तीत संगीत चित्राला बांधलेलं आहे, चित्र कापलं की सूरही मध्येच तुटतो. पोलीस ठाण्यातला प्रसंग काढलात तर जिम सुटला कसा, हे सांगायला पडद्यावर मजकुराची पाटी हवी. ती कोण लिहिणार? तुम्ही?

मूकपटवेडा: निदान पडद्याआधी दोन मिनिटं बोलून प्रेक्षकांना सावध करा. नाहीतर लोक त्या अवघडलेल्या संवादांवर हसतात आणि तीच फेयोशची शैली समजून घरी जातात.

तिसरी_रांग: शैली म्हणजे दृश्यावर दृश्य चढवणं एवढंच ना? त्याच्याच 'ब्रॉडवे' चित्रपटात (१९२९) त्याने आणि छायाचित्रकार हॅल मोरने कॅमेऱ्यासाठी प्रचंड क्रेन बांधून घेतली. नाइटक्लबच्या सेटवर कॅमेरा झेपावतो खरा, पण कथा खालीच राहते. मला तो कारागीर वाटतो, कलावंत नव्हे.

जोडकाम: 'ब्रॉडवे'बद्दल मान्य. तिथे कॅमेऱ्याची हालचाल कोणत्याच पात्राची नाही. 'लोनसम'मध्ये मात्र गर्दी दोघांना ढकलते, वादळ आडवं येतं, म्हणजे हालचालीला कारण आहे. रात्रीच्या जत्रेतल्या दिव्यांना दिलेले रंगही तसेच: भेटीच्या वेळी उजळणारे. आणि तंत्राचाच हव्यास असता, तर हंगेरीत परतून १९३२ साली अभिनेत्री अ‍ॅनाबेलाला घेऊन केलेला 'ताव्हासी झापोर' हा चित्रपट इतका मितभाषी झाला नसता. आवाज हाताशी होता, तरी त्यात संवाद मोजकेच आहेत, बाकी संगीत. फसवल्या गेलेल्या मोलकरणीची कथा तो चेहरे आणि गाणी यांवरच पेलतो.

तिसरी_रांग: तो पाहून पुन्हा बोलतो. 'ब्रॉडवे'वरचं मत मात्र कायम.