मदत हवी आहे: लिंबाच्या बुंध्याला लावलेलं शेणखत काढू की राहू देऊ?

नमस्कार मंडळी, मखमलाबादला आमच्या रो-हाऊसच्या मागे थोडी जागा आहे, त्यात एक केशर आंबा (दहा वर्षांचा), एक कागदी लिंबू आणि एक पेरू. जूनमध्ये नाना म्हणजे माझे सासरे दिंडोरीहून सात-आठ गोण्या शेणखत घेऊन आले आणि तिन्ही झाडांच्या बुंध्याला चिकटून ढीगच लावले. मी म्हटलं नाना हे ओलंय अजून, वास मारतोय, तर म्हणे आम्ही द्राक्षबागेला दरवर्षी टाकतो, तू नको शिकवू. आता पाऊस लागल्यापासून लिंबाच्या पानांच्या कडा करपल्यात, पानं पिवळी पडून गळतायत, बुंध्यातून डिंक येतोय. ढिगात हात घातला तर चक्क कोमट लागलं आणि पांढऱ्या जाड्या अळ्या निघाल्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या. हुमणीच ना ही? सगळं खत उपसू का? आणि लिंबाखाली मी मेथी टाकलीय ती खायची की नाही? घरात पाच वर्षांचं पोरगं आहे, मातीतच असतं दिवसभर.

प्रतिसाद १
ताई, आधी बुंधा मोकळा करा, आजच. लिंबाचं साल सतत ओलं राहिलं की बुरशी शिरते, त्याला डिंक्या म्हणतात. डिंक आलेली जागा स्वच्छ खरवडून बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. तुम्हाला वाटीभरच लागेल, प्रमाण तेच ठेवा, फक्त लोखंडी भांडं नको. नानांचं पण चूक नाही हो, बागेत टाकतात ते वर्षभर मुरलेलं असतं. कच्चं खत कुजताना तापतं, अमोनिया सुटतो, त्यानं कोवळी मुळं भाजतात, वरून कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र पण ओढून घेतात, म्हणून पिवळेपणा.

प्रतिसाद २
अळी लगेच हुमणी समजून विष ओतू नका. फरशीवर सोडून बघा. पाठीवर उताणी सरपटत गेली तर ती कुजकं खाणाऱ्या भुंग्याची, झाडाला काही करत नाही. कुशीवर पडून राहिली किंवा पायांनी रेटत असेल तर हुमणी समजा आणि मारा, ती मुळं खाते. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसात रात्री कडुनिंब-बाभळीवर बसतात, पुढच्या वर्षी तेव्हाच झाड हलवून गोळा करा.
मेथी मात्र काढून टाका, कच्च्या शेणात ई-कोलाय (पोट बिघडवणारा जिवाणू) असू शकतो आणि पालेभाजी मातीला टेकलेली असते. अमेरिकेत सेंद्रिय शेतीच्या नियमात अशा भाजीसाठी कच्चं खत आणि काढणी यात 120 दिवस सोडायला लावतात, आपल्याकडे कोण मोजतंय म्हणा. लिंबं धुऊन खा. पोराला तिकडे काही महिने अनवाणी नको, हात साबणानं.

प्रतिसाद १ (पुन्हा)
राहिलंच, काढलेलं खत टाकू नका. कोपऱ्यात ढीग करून ताडपत्री घाला, पंधरा दिवसांनी वरखाली करत राहा. काळं, भुसभुशीत, वास नसलेलं, आत हात घातला तर गार, एवढं झालं की वापरा. दुपारच्या सावलीची कड जिथे पडते तिथे गोल चर काढून द्यायचं, खाणारी मुळं तिकडं असतात, खोडाशी नाही. आंब्याला दहा वर्षांच्या झाडाला पन्नास किलोपर्यंत चालतं, लिंबाला त्याहून कमी.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे! काल सगळं केलं. सहा अळ्या फरशीवर सोडल्या, पाच उताण्या चालत गेल्या, एक कुशीवर पडून राहिली, ती कोंबड्यांना दिली शेजारच्या. मेथी उपटताना जीव गेला माझा. आंबा, लिंबू मोकळे झाले. नाना ओसरीवरून बघत होते, शेवटी म्हणाले, पेरूचं तरी राहू दे. पेरूचं पण काढलं, ते बोलले नाहीत काही, पण ताडपत्री बांधायला दोरी त्यांनीच आणून दिली.